प्रमाण आणि प्रमाणपत्र

‘प्रमाण’ आणि ‘प्रमाणपत्र’ या दोन शब्दांचें नातें मायलेंकराचें आहे. परंतु व्यवहारांत लेंकराचा बडेजाव इतका वाढला आहे कीं, मायेची कोणास ओळख राहिलेली नाहीं. एखाद्यास अमुक काम येतें काय, असें विचारलें असतां त्यानें तें काम करून दाखवावें, हें खरोखर स्वाभाविक. परंतु आज तो कागद काढून दाखवितो, आणि आपणांसही तेंच स्वाभाविक वाटतें. ज्याच्यापाशीं कागद नाहीं त्याची मात्र मोठी चमत्कारिक अवस्था होते. पंचवीस वर्षें चिरे बसविणारा गवंडी, यंत्राचा नुसता आवाज ऐकून बिघाड कोठें आहे हें सांगणारा फिटर, रुग्णांच्या उशाशीं शेंकडों रात्री जागून काढलेली आया, यांच्या हातांत विद्या आहे याविषयीं त्यांच्या सोबत्यांना संशय नसतो. पण नोंदवहींत त्यांच्या नांवापुढें पुष्कळदां ‘अकुशल’ हाच शब्द लिहिलेला असतो. ज्या मिस्त्रीनें नव्या पदवीधराला काम शिकविलें, त्या मिस्त्रीला पुढें त्याच पदवीधराच्या हाताखालीं राबावें लागतें. हा देखावा कोणत्याही कारखान्यांत किंवा बांधकामावर पाहावयास मिळेल, आणि तो इतका परिचयाचा झाला आहे कीं, त्यांत कांहीं नैतिक प्रश्न असेल अशी शंकाही आपणांस येत नाहीं.

ही शंका गेल्या कांहीं दशकांत अनेक राष्ट्रांना आली, आणि तिच्यांतून एक नवी पद्धति निघाली. मनुष्य शाळेंत गेला होता कीं नाहीं, हें न विचारतां त्यानें कामांत, घरांत किंवा आयुष्यांत जें मिळविलें असेल त्याची परीक्षा घ्यावी, आणि तें पुरेसें ठरल्यास शाळेंतून आलेल्यास मिळतें तेंच प्रमाणपत्र त्यासही द्यावें, असें तिचें थोडक्यांत स्वरूप. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें २००४ सालच्या आपल्या एका शिफारशींत तिचा पुरस्कार केला. आपल्याकडे डिसेंबर २०१३ मध्यें राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला, आणि जुलै २०१५ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत या ‘पूर्वशिक्षणाच्या मान्यते’चा एक स्वतंत्र भाग ठेवण्यांत आला. योजनांचा तपशील हा या लेखाचा विषय नव्हे. प्रश्न त्यांच्या मुळाशीं असलेल्या तत्त्वाचा आहे. अशी मान्यता देणें हा न्याय आहे, कीं उपकार आहे, कीं विद्येचा भाव उतरविणें आहे?

या प्रश्नावर सुशिक्षित वर्गांत दोन मतें तत्काळ ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, ज्यानें वर्षानुवर्षें फी भरून, रात्रीं जागून, परीक्षा देऊन पदवी मिळविली, त्याच्या पंक्तीस दुसऱ्याला विनासायास बसविणें अन्यायाचें आहे. दुसरा पक्ष अधिक उदार दिसतो. तो म्हणतो, “खऱ्या गुणाला कागदाची गरजच काय? कबीर कोणत्या शाळेंत गेला होता?” यांपैकीं पहिल्या मतांत मत्सर आहे असें म्हणून त्याची वासलात लावतां येणार नाहीं, कारण त्यांत एक खरी भीति आहे, तिचा विचार पुढें करूं. दुसरें मत मात्र वरून जितकें उदार तितकेंच आंतून निष्ठुर आहे. गुणाला कागद नको, हें वाक्य बहुधा ज्याच्या पेटींत कागद सुरक्षित आहेत त्याच्याच तोंडीं असतें. कबीराचें उदाहरण देऊन आपण शेजारच्या गवंड्याला बढतीवांचून ठेवतों, आणि वर त्याच्या निःस्पृहतेचें कौतुकही करतों!

मूळ प्रश्नाकडे जावयाचें तर आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं घातलेला एक वाद येथें उपयोगी पडण्याजोगा आहे. ज्ञान खरें आहे हें कशावरून समजावयाचें? मीमांसकांचें म्हणणें असें कीं, ज्ञानाचें प्रामाण्य स्वतःच सिद्ध असतें. बाध आला नाहीं तोंपर्यंत त्याला दुसऱ्याच्या साक्षीची अपेक्षा नाहीं. नैयायिकांनीं हें मान्य केलें नाहीं. ज्ञानाचें प्रामाण्य दुसऱ्या कशावरून तरी ठरतें, आणि तें ठरविण्याची एक प्रमुख कसोटी म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ति सफल होणें, असा त्यांचा सिद्धांत. दूरवर पाणी दिसलें. तें पाणीच होतें कीं मृगजळ होतें, याचा निर्णय तेथें जाऊन तहान भागते कीं नाहीं यावरून व्हावयाचा. आपल्या कामगाराचा प्रश्न याच वादांत येऊन बसतो. “माझें काम मला येतें” ही त्याची आंतरिक खात्री, ती मीमांसकाची भूमिका. “येतें हें कशावरून?” हा समाजाचा प्रश्न, ती नैयायिकाची भूमिका. समाजाचा प्रश्न उद्धटपणाचा नाहीं, कारण उद्यां त्या हातांनीं बांधलेल्या छपराखालीं कोणा तिऱ्हाईताचीं मुलें निजावयाचीं आहेत.

परंतु येथेंच एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. नैयायिकाची कसोटी सफल प्रवृत्तीची आहे, शाळेच्या हजेरीपटाची नव्हे. प्रमाणपत्र हें त्या दृष्टीनें स्वतः प्रमाण नसून एक प्रकारचा ‘शब्द’ आहे. दुसऱ्या कोणींतरी दिलेली साक्ष आहे. शब्दाला प्रामाण्य येतें तें बोलणारा आप्त असल्यामुळें. आणि आप्त कोण, याचें जें लक्षण वात्स्यायनानें न्यायभाष्यांत केलें आहे तें आजच्या परीक्षामंडळांनींही मनन करण्याजोगें आहे. ज्यानें वस्तु स्वतः जाणलेली आहे, आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हें लक्षण ऋषि, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेंच लागू आहे, असेंही त्यानें तेथेंच म्हटलें आहे. म्हणजे साक्षीचा अधिकार कुळावर किंवा पदावर अवलंबून नसून जाणण्यावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. ज्यानें गवंडीकाम कधीं जाणलें नाहीं त्यानें गवंड्याला दिलेलें प्रमाणपत्र, त्यावर कितीही मोठा शिक्का असला तरी, आप्तवाक्य होत नाहीं.

पाश्चात्य तत्त्वज्ञानांतही हा विचार दुसऱ्या वाटेनें आलेला आहे. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानें १९४९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ‘अमुक गोष्ट अशी आहे हें जाणणें’ आणि ‘अमुक गोष्ट कशी करावी हें जाणणें’ असा भेद केला, आणि दुसरें ज्ञान म्हणजे पहिल्याचीच हातांनीं केलेली नक्कल, हा समज खोडून काढला. पोहणारा मनुष्य आधीं मनांत नियम म्हणून मग हात मारीत नाहीं. त्याची बुद्धि हात मारण्यांतच असते. हें मान्य केलें म्हणजे ‘बुद्धीचें काम’ आणि ‘हाताचें काम’ ही आपल्या समाजांतील उच्चनीचतेची भिंत बरीच खिळखिळी होते. हातांत बुद्धि नसते असें मानणाऱ्याला हाताची परीक्षा घेण्याची गरजच वाटत नाहीं. तो त्या हाताच्या धन्याला पुस्तकांतले प्रश्न विचारतो, आणि त्याला उत्तर आलें नाहीं म्हणजे आपला सिद्धांत खरा ठरला असें समजतो.

सफल प्रवृत्तीची कसोटी किती निर्णायक असते याचें एक उदाहरण मुंबईचेंच आहे. १७३६ मध्यें लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा सुतार मुंबईस आला, आणि त्यानें व त्याच्या वंशजांनीं येथल्या गोदींत पिढ्यान् पिढ्या जहाजें बांधलीं. त्यांची विद्या कोणत्याही विद्यापीठाची नव्हती. ती गोदींत मिळविलेली होती. या घराण्यानें १८१७ मध्यें ब्रिटिश आरमारासाठीं बांधलेलें ‘त्रिंकोमाली’ हें सागवानी लढाऊ जहाज दोनशें वर्षें उलटून गेल्यावरही इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभें आहे. याच घराण्यांतील अर्देशीर करसेटजी यांस १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें आपलें सभासद करून घेतलें. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत.

हें उदाहरण वाचून ‘पूर्वीं गुणाची पारख होती, आतां कागदाची आहे’ असा उसासा टाकण्याचा मोह होईल. परंतु तो टाकण्यापूर्वीं वाचकांनीं थोडें थांबावें. वाडियांच्या विद्येला जहाज ही साक्ष होती, तशी घराण्याचें नांव हीही साक्ष होती. आपल्या खेड्यांतील सुतार, लोहार, कुंभार यांची परीक्षा कोण घेत असे? सुताराचा मुलगा सुतार, आणि त्याचें बलुतें त्याला, ही तेव्हांची मान्यता. जन्म हेंच प्रमाणपत्र होतें. तें चांगल्या कारागिराला मिळे तसेंच वाईटालाही मिळे, आणि ज्याचा जन्म भलत्या घरीं झाला त्याच्या हातांत कितीही कसब असलें तरी त्याला तें कधींच मिळत नसे. अशा समाजांत परीक्षा आणि पदवी आली, ही मोठी क्रांति होती. कारण उत्तरपत्रिका तपासणाऱ्यास, निदान तत्त्वतः, लिहिणाऱ्याची जात दिसत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९१५ मध्यें कोलंबिया विद्यापीठाची एम्. ए., १९२३ मध्यें लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. आणि १९२७ मध्यें कोलंबियाची पीएच्. डी. मिळविली, तेव्हां त्या कागदांचें मोल केवळ विद्येपुरतें नव्हतें. जन्मानें दिलेला निकाल त्यांनीं रद्द केला होता. त्याच आंबेडकरांना १९१७ मध्यें बडोद्यास नोकरीवर गेले असतां राहावयास जागा मिळूं नये, यावरून कागदाच्या सत्तेची मर्यादाही दिसते. पण मर्यादा दिसली म्हणून सत्ता नाकारतां येत नाहीं. ज्यांना दुसरें कांहींच नव्हतें त्यांना कागदानें दार उघडून दिलें. म्हणून प्रमाणपत्राची टिंगल करणाऱ्यांत आम्ही सामील होऊं इच्छीत नाहीं. त्याला एवढें मोल आहे, म्हणूनच तें कोणाला नाकारलें जातें हा न्यायाचा प्रश्न होतो.

नाकारण्याचा परिणाम काय होतो, हें पाहावयाचें असेल तर दक्षिण आफ्रिकेंतील हॅमिल्टन नाकी यांचें चरित्र पाहावें. ट्रान्स्कायमधल्या एका खेड्यांत १९२६ मध्यें जन्मलेला हा मनुष्य लहानपणींच शाळा सोडून केपटाउनला आला, आणि तेथील विद्यापीठांत माळीकाम करूं लागला. १९५४ च्या सुमारास एका प्राध्यापकानें जनावरांवरील प्रयोगांत मदतीस घेतल्यावर त्याच्या हातांतील असामान्य कसब दिसून आलें. पुढें प्रयोगशाळेंत तो भूल देणें, टांके घालणें, इतकेंच नव्हे तर डुकरांवर यकृतारोपणाची शस्त्रक्रिया करणें या सर्व गोष्टी करूं लागला, आणि त्याच्या हाताखालीं अनेक शिकाऊ शल्यविशारद तयार झाले. परंतु वर्णभेदाच्या त्या राजवटींत त्याला डॉक्टर होण्याचा मार्गच बंद होता. १९९१ मध्यें तो निवृत्त झाला. राजवट बदलल्यावर २००२ मध्यें त्याला राष्ट्रीय सन्मान मिळाला, आणि २००३ मध्यें केपटाउन विद्यापीठानें त्याला वैद्यकाची सन्माननीय पदवी दिली. २००५ मध्यें तो वारला.

या कथेचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. १९६७ मध्यें केपटाउन येथें झालेल्या जगांतील पहिल्या मानवी हृदयारोपणांत नाकीचा प्रत्यक्ष हात होता, अशी एक गोष्ट जगभर पसरली. नामांकित नियतकालिकांनीं ती त्याच्या मृत्युलेखांत छापली, आणि मागाहून ती खरी नसल्याचें त्यांना जाहीर करावें लागलें. खरें कर्तृत्व एवढें मोठें असतां खोट्याची भर कां पडली? आमच्या मतें याचें कारण असें कीं, योग्य वेळीं, योग्य परीक्षकांनीं, योग्य शब्दांत त्याच्या विद्येची नोंद केलीच नव्हती. जेथें नोंद नसते तेथें दंतकथा शिरते. आधीं हक्काचें नाकारावयाचें आणि मग अपराधी मनानें हक्काबाहेरचें बहाल करावयाचें, या दोन्हींत मनुष्याचें खरें माप हरवतें. अमेरिकेंतील व्हिव्हिअन टॉमस या कृष्णवर्णीय सुताराची हकीकत अशीच आहे. जन्मजात हृदयदोषानें निळीं पडणारीं बालकें वाचविण्याची शस्त्रक्रिया १९४४ मध्यें जॉन्स हॉपकिन्स येथें प्रथम झाली, तेव्हां ती प्रयोगशाळेंत सिद्ध केलेला टॉमस शल्यविशारदाच्या पाठीमागें उभा राहून त्याला सूचना देत होता. १९७६ मध्यें त्या विद्यापीठानें त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. पण ती वैद्यकाची नव्हे, कायद्याची! सन्मान मिळाला, मान्यता मात्र नाहीं. सन्मान हा देणाऱ्याच्या औदार्यावर असतो, मान्यता ही घेणाऱ्याच्या योग्यतेवर असते. दक्षिण आफ्रिकेनें १९९५ च्या आपल्या पात्रताविषयक कायद्यानंतर पूर्वज्ञानाच्या मान्यतेला मागील अन्यायाच्या परिमार्जनाचें साधन मानलें, तें हा भेद ओळखूनच.

आतां पहिल्या पक्षाच्या भीतीकडे वळूं. अनुभव म्हणजे ज्ञान नव्हे, असें तो पक्ष म्हणतो, आणि हें म्हणणें खरें आहे. चूक वर्षानुवर्षें केल्यानें ती बरोबर होत नाहीं. उलट तिला परंपरेची प्रतिष्ठा मिळते. चुकीच्या रीतीनें तार जोडूनही अपघात झाला नाहीं, एवढ्यावरून तार जोडणारा कुशल ठरत नाहीं. परंतु या आक्षेपाची धार दोन्ही बाजूंनीं चालते. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत १८४० च्या दशकांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. पहिल्या विभागांतील मृत्यूंचें प्रमाण दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक असे. शवविच्छेदन करून तसेच आलेले विद्वानांचे हात हें या मृत्यूंचें कारण आहे, असें सेमेलवाइस या तरुण डॉक्टरानें ताडलें, आणि मे १८४७ पासून क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला. एप्रिलमध्यें शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूंचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा सुमारें २ वर आलें. तथापि अनेक प्रतिष्ठित वैद्यांनीं त्याचें म्हणणें झिडकारलें. यावरून एवढेंच निष्पन्न होतें कीं, पदवी ही जशी ज्ञानाची हमी नव्हे, तसा अनुभवही नव्हे. दोहोंनाही एकाच कसोटीला लागावें लागतें, आणि ती कसोटी परिणामांची. म्हणून अनुभवी मनुष्याची परीक्षा घ्यावी, हें म्हणणें योग्य. त्याची परीक्षाच घेऊं नये, हें म्हणणें मात्र दोन्ही बाजूंनीं अयोग्य. दार बंद करणारा त्याचा अपमान करतो, आणि परीक्षेवांचून दार उघडणारा त्याच्यावर विसंबणाऱ्या तिऱ्हाइताचा घात करतो.

परीक्षा घ्यावयाची, पण ती कोणी? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. १७१४ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें समुद्रावर रेखांश निश्चित करण्याचा उपाय शोधणाऱ्यास २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस जाहीर केलें होतें. जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलानें, जो स्वतःच घड्याळें करावयास शिकला होता, त्यासाठीं आयुष्य वेंचलें. १७५९ मध्यें त्याचें चौथें घड्याळ पुरें झालें. १७६१ च्या अखेरीस निघालेल्या जमेकाच्या सफरींत ८१ दिवसांनंतर त्यांत केवळ पांच सेकंदांची चूक निघाली. तरीही निर्णय देणाऱ्या मंडळाचें समाधान होईना. त्या मंडळांत ज्योतिषी होते, आणि चंद्राच्या गतीवरून रेखांश काढण्याच्या प्रतिस्पर्धी पद्धतीचा पुरस्कर्ता नेव्हिल मॅस्केलिन हा १७६५ पासून राजज्योतिषी या नात्यानें त्यांत बसूं लागला. परीक्षक स्वतःच स्पर्धक असला म्हणजे न्याय कसा पांगळा होतो, याचें हें ठळक उदाहरण होय. अखेर १७७३ मध्यें, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, पार्लमेंटनेंच त्याला ८,७५० पौंड दिले.

तथापि मंडळाची सर्वच बाजू लंगडी होती असें नाहीं. तुझें घड्याळ चालतें हें ठीक. पण तुझ्यावांचून दुसऱ्या कोणाला तें करतां येईल काय, असा त्यानें प्रश्न केला, आणि घड्याळाची रचना उघड करण्याची अट घातली. लार्कम केंडॉल या कारागिरानें तशी प्रतिकृति केली, आणि कॅप्टन कुकच्या १७७२ सालच्या दुसऱ्या सफरींत ती उत्तम चालली. हॅरिसनला ही अट जाचक वाटली, आणि तिच्यामागें द्वेष होता हेंही संभवनीय आहे. पण अटींतील तत्त्व खरें आहे. जी विद्या एकाच हातांत राहते ती त्या हाताबरोबर जळून जाते. अनुभवी मनुष्याकडून समाजानें त्याच्या विद्येचें विवरण मागावें, यांत अपमान नाहीं. त्यांत त्या विद्येचा गौरवच आहे. मान्यता मागणाऱ्याचेंही एक कर्तव्य असतें तें हेंच. “मला येतें” इतकें म्हणून भागत नाहीं, “असें येतें” हें दाखवावें लागतें.

विवरण मागण्याची ही रीत फ्रान्सनें बऱ्याच विचारानें घडविलेली दिसते. तेथें १० जुलै १९३४ च्या कायद्यानें इंजिनिअर या पदवीचें नियमन करतांनाच, स्वतः शिकलेल्या आणि पांच वर्षें उद्योगांत काम केलेल्या तंत्रज्ञाला परीक्षा देऊन ती पदवी मिळविण्याची वाट मोकळी ठेविली होती. १७ जानेवारी २००२ च्या कायद्यानें हाच हक्क बहुतेक सर्व पदव्यांपर्यंत नेला. आरंभीं निदान तीन वर्षांच्या अनुभवाची अट होती. २०१६ मध्यें ती एका वर्षावर आली, आणि २०२२ अखेरच्या कायद्यानें मुदतीची अट काढून टाकण्यांत आली. उमेदवार आपल्या कामाचें सविस्तर निवेदन लिहून देतो, आणि शिक्षक व त्या व्यवसायांतील जाणते यांचें मंडळ त्याची मुलाखत घेऊन पूर्ण किंवा अंशतः पदवी देतें. मिळणारी पदवी शाळेंतून मिळणाऱ्या पदवीहून निराळी नसते. यांतील तीन गोष्टी आम्हांस महत्त्वाच्या वाटतात. येथें मान्यता ही कृपा नसून कायद्यानें दिलेला हक्क आहे. न्यायासनावर शाळा आणि धंदा दोघेही बसतात, त्यामुळें कोणा एकाचा अहंकार निर्णायक होत नाहीं. आणि कागद तोच असल्यामुळें ‘हा मागच्या दारानें आला’ असें कोणास म्हणतां येत नाहीं.

पण याही रीतींत एक कांटा आहे. आपल्या कामाचें निवेदन लिहून काढणें ही स्वतः एक शालेय विद्या आहे. ज्याला लिहितां बोलतां येतें तो कारकून अशा परीक्षेंत सहज तरून जाईल, आणि ज्याचे हात बोलतात पण लेखणी अडखळते तो गवंडी बुडेल. मग शाळेबाहेरच्यांसाठीं उघडलेल्या दारावर शाळाच पुन्हां द्वारपाल म्हणून उभी राहिली, असें होईल. म्हणून परीक्षेचा आकार विद्येच्या आकारासारखा असावा, हा नियम घालून घेतला पाहिजे. गवंड्याला भिंत बांधावयास लावावी, शिंपिणीला कापड बेतावयास सांगावें, आणि मग शेजारीं उभें राहून “हें असें कां केलें?” म्हणून त्याच्या भाषेंत विचारावें. ‘कां’ हा प्रश्न सोडूं नये. तेथेंच संवय आणि ज्ञान यांचा भेद दिसतो.

आपल्या देशांत या पद्धतीला याच्या उलट बाजूचा धोका अधिक आहे. ज्या देशांत पोटापुरतें काम करणारे बहुसंख्य लोक कोणत्याही शाळेवांचून शिकले, तेथें मान्यतेचें काम फार मोठें आहे. आणि मोठें काम सरकारी खात्यांतून होऊं लागलें कीं, त्याचें माप संख्येंत घेतलें जातें. किती लोकांस प्रमाणपत्रें दिलीं हा आंकडा सांगावयास सोपा असतो. त्या कागदानें किती जणांची मजुरी वाढली, किती जणांस पुढच्या अभ्यासक्रमाचें दार उघडलें, हें सांगणें कठीण असतें. थोड्या तासांची ओळख, घाईची परीक्षा आणि छापील कागद एवढ्यावर जर सर्व आटोपलें, तर त्या कामगारावर दुसरा अन्याय होईल. पहिला अन्याय त्याला कागद न देण्याचा होता; दुसरा, ज्याला कोणी विचारीत नाहीं असा कागद देण्याचा. पहिल्यांत निदान “माझी परीक्षाच घेतली नाहीं” असें तो म्हणूं शकत होता. दुसऱ्यांत त्याची ती तक्रारही हिरावून घेतली जाते.

म्हणून या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें असें आहे. ज्याच्यापाशीं विद्या आहे त्याला ती सिद्ध करण्याची संधि देणें हें समाजाचें देणें आहे, दान नव्हे. कारण त्या विद्येचा उपभोग समाज कधींचाच घेत आहे; त्या भिंतींच्या आंत राहतो आहे, त्या हातांनीं शिवलेलें नेसतो आहे, त्या यंत्रांवर चालतो आहे. लाभ घ्यावयाचा आणि नोंद नाकारावयाची, हा व्यवहार सावकारींतही खोटा समजला जातो. परंतु देणें फेडावयाचें तें खऱ्या नाण्यांत. परीक्षा कठोर असावी, परीक्षक जाणता आणि निःस्पृह असावा, आणि परीक्षेला उतरलेल्याला मिळणारा कागद दुय्यम नसावा. याच तीन अटींनीं पहिल्या पक्षाची भीतिही निरस्त होते. पदवीधराच्या पदवीचा भाव उतरतो तो दुसऱ्या योग्य मनुष्याला ती मिळाल्यामुळें नव्हे. अयोग्याला मिळाल्यामुळें उतरतो, मग तो अयोग्य शाळेंतून आलेला असो कीं शाळेबाहेरून.

राहिला आपला, म्हणजे ज्यांच्या पेट्यांत प्रमाणपत्रें आहेत अशा वाचकांचा प्रश्न. कायदे करणें आपल्या हातीं नसेल. परंतु माणसें कामावर ठेवणें, त्यांची मजुरी ठरविणें, त्यांच्याविषयीं दोन शब्द लिहून देणें, हें आपल्यापैकीं पुष्कळांच्या हातीं असतें. दहा वर्षें आपल्या घरीं आजाऱ्याची शुश्रूषा केलेल्या बाईला, ती जातांना, तिनें काय काय केलें याचा एक प्रामाणिक दाखला आपण लिहून दिला आहे काय? आपल्या कचेरींत ज्याच्याकडून आपण काम शिकलों त्याचें नांव बढतीच्या वेळीं आपण घेतलें आहे काय? ज्यानें स्वतः पाहिलें आहे आणि जें पाहिलें तेंच सांगण्याची ज्याची तयारी आहे तो आप्त, असें वात्स्यायन म्हणतो. त्या व्याख्येप्रमाणें अशा माणसांच्या बाबतींत आप्त होण्याची योग्यता आपल्या अंगीं आहेच, कारण त्यांचें काम आपण रोज पाहिलें आहे. सांगण्याची इच्छा तेवढी हवी.